साहेबाचा वळसा

दत्तू, परवा शाळेच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. तुला मुळीच आवडली नसती. चारची सभा साडेपाचला सुरू झाली. तालुक्याहून जे यायचे होते त्यांची जीप वाटेतल्या एका ओढ्यात रुतली, म्हणून सगळे हात बांधून बसून राहिले. तू असतास तर तीनदा घड्याळ काढून बघितलं असतंस आणि चौथ्यांदा कुदळ घेऊन जीप काढायला गेला असतास. तू नव्हतास, तर उठायचंही कुणाला सुचलं नाही.

पाच जण बोलले. एकानं तुला थोर सेनानी करून टाकलं. तू पूल बांधणाऱ्या पलटणीत होतास आणि सगळ्या लढाईत बंदूक किती वेळा झाडलीस ते मला ठाऊक आहे, तूच सांगितलं होतंस. दुसरा म्हणाला, साहेबांनी सेवेच्या यज्ञात प्राणांची आहुती दिली. आहुती-बिहुती काही नाही. ऐन थंडीत ओढ्यावरच्या फरशीपुलाखालची मोरी तुंबली म्हणून पन्नाशी उलटलेला माणूस छातीभर पाण्यात उतरला, ताप आला तो आठ दिवस अंगावर काढला, "उद्या जाऊ, उद्या जाऊ" करत बारामतीचा दवाखाना लांबवला, आणि शेवटी बैलगाडीत आडवा घालून नेला तेव्हा छाती कफानं भरून गेली होती. ह्याला आहुती म्हणत नाहीत. ह्याला हट्ट म्हणतात. मोरीत उतरायला गावात तरणीताठी माणसं नव्हती का? होती. त्यातली दोन काठावर उभी राहून तुला "साहेब, जरा डावीकडं, जरा डावीकडं" असं सांगत होती. तीच दोघं परवा पहिल्या रांगेत डोळे पुसत होती.

एवढ्यावर थांबतं तरी मी गप्प बसले असते. पण मग गेनबातात्या उठला. कालव्याच्या चारीच्या खालच्या अंगाला त्याचं रान, म्हणून चारीवर बोलायचा मान त्याचा.

"साहेबांनी गावाला चारी दिली, फरशी दिली, शाळंच्या भिंती हुभ्या केल्या," तो म्हणाला. "एवढ्या कामात मानूस चुकला तो फकस्त एकदा. आन् चुकला तर कसा? सोता चारचौघांत हुभं ऱ्हाऊन बोलला, माजी चूक झाली म्हनून. असा साहेब आमी पुन्ना बघनार न्हाय."

म्हातारा रडला. त्याच्यामागे सगळे रडले. मग नाक शिंकरून तो पुढे म्हणाला, "तवा माजं म्हननं असं, की तितंच, त्या वळशावर, साहेबांच्या नावाचा दगड बसवायचा. आल्यागेल्याला कळू दे, मोठा मानूस चूक कशी कबूल करतो."

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! महिन्याच्या दिवशी दगड बसवायचं ठरलं. पाथरवटाला निरोपही गेला.

मी पुढच्याच सतरंजीवर होते. गुडघ्यांवर हात टेकून अर्धी उठले. लोकांना वाटलं, म्हातारीला भोवळ आली. तुझी सरू माझा दंड धरून म्हणाली, "वन्सं, पानी देऊ का?" आणि मी खाली बसले. पाणी प्याले. पासष्ट वर्षांची बाई, गावात कुणाच्या बापाला न भिणारी म्हणून माझी ख्याती, आणि मी पाणी पिऊन बसून राहिले.

म्हणून हे लिहिते आहे. बारामतीला मामाकडे राहून मी चौथी पास झाले होते, ते शिक्षण किराण्याची यादी आणि तुला लढाईवर धाडलेली पत्रं ह्यापलीकडे कधी वापरलं नाही. आज वापरते. तुला सांगायचं ते सगळ्यांना ऐकू जायला हवं, तोंडानं सांगायला गेले तर पुन्हा कुणीतरी पाणी आणून देईल.

आपली आई तुला जन्म देऊन गेली तेव्हा मी चौदाची. त्याच वर्षी मी पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आलेले. सगळे म्हणाले, पोरीला दुसरं घर करून देऊ. आपल्यात चालतंच. दोनदा स्थळं आली. दोन्हीदा मी नाही म्हटलं. तू मोठा झाल्यावर विचारलंस, "आक्का, माझ्यासाठी का?" मी म्हणाले, "चल, तुझ्यासाठी कशाला! दुसऱ्यांदा सासू कोन सोसंल?" खोटं होतं ते. तुझ्यासाठीच. तुला ते कळलेलं होतं आणि तुला कळलंय हे मला कळलेलं होतं. त्यावर आपण कधी बोललो नाही. आपल्या घरात न बोलण्याची वाईट खोड, ती इथूनच लागली.

बापानं मरताना माळावरचं दोन एकर रान माझ्या नावावर केलं. दगडगोटे, हुलगं, पाऊस झाला तर बाजरी. तू पुण्याला जाऊन ओव्हरसिअर झालास, ब्रह्मदेशात चार वर्षं काढलीस, डाव्या पायावर ओंडका पाडून घेऊन लंगडत परत आलास, बारामतीला कालव्याच्या खात्यात नोकरीला लागलास. आठवडाभर तिथं खोलीवर, शनिवारी संध्याकाळच्या यष्टीनं गावी. आणि रविवारी काय? विश्रांती? छे. रविवारी गावाची कामं. लढाईतलं तू मला एकदाच सांगितलंस, शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा. म्हणालास, "आक्का, माघार आली की आमीच बांधलेले पूल आमीच उडवायचो. रात्रंदिस खपून बांधायचा आन् चार दिसांनी सुरुंग लावायचा."

मी म्हणाले, "मोडायलाच जायचं हुतं तर एवढं लांब कशाला? हितं मोडायला काय कमी हाय?"

तू खूप हसलास. पण त्यानंतर तू जे बांधायचास ते पन्नास वर्षं टिकलं पाहिजे म्हणून जीव काढायचास, ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

मग चारीचं निघालं. कालव्याचं पाणी आपल्या शिवारापर्यंत यायचं, पण खालच्या वस्त्यांना पोचायचं नाही. खात्यानं मंजुरी दिली, खोदाई गावानं श्रमदानानं करायची. तू पंधरा दिवस मोजणीची दुर्बीण लावून माळ पालथा घातलास. मी भाकरी घेऊन आले तेव्हा तू मला बाभळीखाली बसवलंस.

"आक्का, चारी तुझ्या रानाच्या खालनं जानार."

"खालनं म्हंजी?"

"म्हंजी तुझ्या रानात पानी न्हाय चढनार."

"माझं रान काय डोंगरावर हाय व्हय? किती वर हाय?"

"दीड हात."

"दीड हात! दीड हातासाठी सख्ख्या बहिनीचं रान कोरडं ठेवतोस? जरा वर वळव की."

"मी वळवीन. पानी न्हाय वळनार."

"साहेब तू हायेस का पानी?"

"पानी," तू म्हणालास आणि भाकरीचा तुकडा मोडलास.

तेवढ्यावर सोडलं असतंस तरी चाललं असतं. पण तू वर आणखी म्हणालास, "आन् तुला पानी करायचंय काय? माझ्या घरात तुला काय कमी हाय?"

दत्तू, त्या एका वाक्याचा राग मला अजून आहे. तू मेलास तरी गेलेला नाही. तुझ्या घरात मला काही कमी नव्हतं. सरू मला कधी एक शब्द वाकडा बोलली नाही. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या चुलीवरचं खाल्लं, आधी बापाच्या, मग भावाच्या. मला माझ्या रानातली मेथी विकायला इंदापूरच्या बाजारात बसायचं होतं. तुझ्या सोप्यात नव्हे, माझ्या बांधावर बसून मरायचं होतं. जगाच्या बांधांची उंची तुला इंचात कळायची. हे एवढं कळलं नाही. आणि मीही सांगितलं नाही. मला वाटलं, ज्याला मी कडेवर वाढवलं त्याला सांगायला लागू नये.

दुसऱ्या दिवशी तू खुंट्या ठोकल्यास. बाभळीच्या, डोक्याला लाल रंग लावलेल्या. चारीपासून चार हात बाजूला, म्हणजे खोदाईत जाऊ नयेत. लोकांना सांगितलंस, खुंटीच्या डोक्यापासून इतकं खोल खणायचं. प्रत्येक भोकात तू आधी मूठभर चुना टाकत होतास, मग खुंटी. मी शेजारी उभी होते. मला वाटलं, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून टाकतोस. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. पुन्हा तीच खोड.

मग तुला दोन रविवार येता आलं नाही. खात्याच्या कामाला पुण्यास अडकलास.

आता ऐक, आणि तुझ्याबरोबर गावानंही ऐकावं. एके दिवशी भर दुपारी, सगळे जेवून लवंडलेले असताना, मी पाटी घेऊन शेण गोळा करायला माळावर गेले. माझ्या रानाखालच्या तीन खुंट्या उपटल्या. पाटीत घातल्या, वर शेण टाकलं. वीस-वीस पावलं वर, माझ्या बांधाला लागून, त्याच अंतरानं पुन्हा ठोकल्या. जुनी भोकं टाचेनं बुजवली आणि प्रत्येकावर शेणाचा पो ठेवला. वाटेत गेनबातात्याच भेटला. म्हणाला, "आक्का, उनाचं कशाला फिरती?" मी म्हणाले, "गवऱ्या काय तू थापून देनार हायेस?"

मला खरंच वाटत होतं की खुंटी जिथं तिथं पाणी. गावात सगळेच तसं म्हणायचे. सरकारी माणसानं खुंटी मारली की तिथून पाणी जातं, रस्ता जातो, तार जाते. आम्ही जन्मभर तेच बघत आलो. दुर्बिणीतून तू काय बघायचास ते आम्हाला कुठं दिसत होतं? मला वाटलं, दीड हाताचं निमित्त आहे, साहेब माणसं नियमावर बोट ठेवतात, प्रत्यक्ष पाणी आलं की कोण मागे ढकलतं त्याला!

त्या तुकड्याची खोदाई पलीकडच्या वस्तीवाल्यांकडे होती. त्यांनी तुला खुंट्या ठोकताना पाहिलेलं नव्हतं. ते बिचारे दिसतील त्या खुंट्यांनी खणत गेले. उन्हातान्हात, चाळीस माणसं.

पाणी सोडायच्या दिवशी तू सकाळच्या यष्टीनं थेट चारीवर आलास. नारळ फुटला, बायकांनी हळदकुंकू वाहिलं. पुढं पाचोळा, काटक्या, मागं पिवळा फेस, असं पाणी निघालं आणि त्याच्या वेगानं सगळं गाव चारीकाठानं चालू लागलं. मीही चालत होते. माझ्या पायात तेव्हा जोर होता. वळण आलं. पाणी वळणात शिरलं, हळू झालं, फुगलं आणि थांबलं. मागचं पाणी येतच होतं. बघता बघता काठ फुटला आणि सगळा लोंढा खाली गेनबातात्याच्या कांद्याच्या रोपांत गेला.

गेनबातात्या ओरडला, "साहेब, दुर्बीन उलटी धरली हुती का काय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "लढाईत बी असंच पूल बांदत हुता व्हय? म्हनूनच ब्रह्मदेश गेला इंग्रजांचा!"

लोक हसले. चिडलेली माणसं हसतात तसं.

तू लंगडत जुन्या रेषेवर गेलास. तिथं शेणाचे तीन वाळलेले पो होते, मोजून सारख्या अंतरावर, एका ओळीत. कुठली म्हैस अशी ओळीनं शेण टाकते? तू बुटाच्या टोकानं पहिला पो उलटलास, माती उकरलीस. खाली पांढरा चुना. तेव्हा मला कळलं तो चुना कशासाठी होता: खुंटी गेली तरी तिची जागा राहावी म्हणून. तू टाचेनं माती पुन्हा ओढलीस. दुसऱ्याशी गेलास, तिसऱ्याशी गेलास. मग मान वर करून तू गर्दीतून बरोबर माझ्याकडे बघितलंस. मी पदराचं टोक बघत राहिले.

आणि तू परत येऊन सगळ्यांसमोर म्हणालास, "माझी चूक झाली. माझं दुर्बिनीचं वाचन चुकलं. तुमची मेहनत मी वाया घालवली. हा तुकडा मी परत खनीन."

तू रजा काढलीस आणि दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन एकटा लागलास. ह्या खेपेला खुंट्या ठोकल्याच नाहीस, रोज सकाळी दुर्बीण लावून स्वतः रेघ मारायचास. हे माझ्यासाठीच होतं, मला कळत होतं. तीन दिवस गावातलं कुणी फिरकलं नाही. भाकरी घेऊन मीच येत होते. पहिल्या दिवशी पाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "दत्तू."

"काय?"

तू खणायचा थांबलास. पुरता थांबलास, कुदळीवर हात ठेवून. तू वाट बघत होतास.

"कालवनात मीठ कमी हाय का बघ."

तू चाखून बघितलंस. "बराबर हाय," म्हणालास.

चौथ्या दिवशी गेनबातात्या शिव्या घालत आला. "सरका साहेब. तुमास्नी धड खनता बी येत न्हाय." त्याच्यामागून बाकीचे आले. अकरा दिवसांत तुकडा झाला. मी पाट्या वाहिल्या. लोक म्हणाले, बघा, म्हातारी भावासाठी राबती. पाणी शेवटच्या वस्तीपर्यंत गेलं. आणि वर राहिलं ते कोरडं वळण, त्याला नाव पडलं साहेबाचा वळसा. पोरं म्हणतात, पाहुणे म्हणतात, तलाठ्यानंसुद्धा तोंडी तेच धरलंय. शेजारच्या गावानं त्यांच्या चारीसाठी तुला बोलावलं होतं, त्यांनी बोलावणं मागं घेतलं. इंदापूरच्या बाजारात तुझ्या कानावर आलं, "दुर्बीन उलटी धरनारा साहेब नगं." त्या रविवारी तू जेवला नाहीस. सरूला सांगितलंस, पोट बरं नाही. मला सगळं माहीत होतं आणि मी तुला लिंबाचं सरबत करून दिलं.

त्यानंतरच्या शनिवारी तू माझ्या गोठ्यात आलास, हातात एक खुंटी. बाभळीची, लाल डोक्याची.

"आक्का, वासराला खुंटी न्हवती न्हवं तुला?"

ती तू जमिनीत ठोकलीस, हलवून बघितलीस, हात झटकलेस आणि चहा प्यायला सोप्यात जाऊन बसलास. सहा वर्षं, दत्तू! सहा वर्षं मी रोज दोन वेळा त्या खुंटीशी वाकले, दावं बांधलं आणि सोडलं. वासराची गाय झाली, गायीला वासरू झालं, तेही त्याच खुंटीला. तू थट्टा केलीस की शिक्षा दिलीस, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. दोन्ही असेल. तुझं तोंड असं होतं की त्यावरून काहीच वाचता यायचं नाही.

आता माझा खरा राग ऐक. लहानपणी तू पाण्याचा रांजण फोडलास, तेव्हा मी तुला मनगट धरून बापापुढं उभं केलं होतं. मी तुझ्या वाटचं खोटं बोलले नाही. तुझ्या अंगावरचा मार मी घेतला नाही. तुझ्या तोंडानं म्हणायला लावलं, मी फोडला. म्हणून तू सरळ माणूस झालास, असं सगळं गाव म्हणतं. मग माझ्या बाबतीत तुला काय झालं? माझी चूक तू मला न विचारता उचललीस आणि आपल्या डोक्यावर घेतलीस. मला वाचवलंस म्हणतोस? मला कुणी विचारलं होतं का, वाचवू का म्हणून? तू त्या दिवशी गर्दीत माझा हात धरून ओढलं असतंस, "आक्का, सांग," म्हणाला असतास, तर चार दिवस लोकांनी थुंकलं असतं, पाचव्या दिवशी विसरले असते. सहा वर्षं मी तुझ्यासमोर मान वर करून भाकरी वाढू शकले नाही. मी तुला वाढवलं तसं तू मला वागवलं नाहीस. मला तू म्हातारी समजलास. अडाणी समजलास. जिच्यावर रागवायचं नसतं अशी बाई समजलास.

आणि मोट! एकदा, त्याच खुंटीशेजारी उभा राहून, वासराच्या पाठीवर हात फिरवत तू म्हणालास, "आक्का, चारीच्या काठाला डोह काढू आन् वर तुझ्या बांधाला मोट बसवू. दीड हातच तर हाय." म्हणजे तुला कळलं होतं, मला ते पाणी कशासाठी हवं होतं. उशिरा कळलं, पण कळलं. मी म्हणाले, "कवा?" तू म्हणालास, "ह्या उन्हाळ्यात."

त्या उन्हाळ्यात शाळेच्या भिंती निघाल्या. पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यावरची फरशी. मग गावकुसाबाहेरच्या वस्तीची विहीर. ती करायलाच हवी होती आणि निम्म्या गावानं तोंड फिरवलं असताना तू केलीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मग आणखी एक उन्हाळा, आणखी एक. सगळ्या जगाचा ओव्हरसिअर, आणि बहिणीला "पुढच्या उन्हाळ्यात". विसरलास? मुद्दाम टाळलंस? का मी पहिल्यांदा तोंड उघडावं म्हणून थांबला होतास? मला अधूनमधून वाटायचं, हेच असावं. मी सांगितलं असतं त्या दिवशी तू डोह खणायला लागला असतास. पण हे आता कुणाला विचारू?

तू गेल्यावर सरूनं आणि मी तुझी ट्रंक उघडली. पट्टा, दोन खाकी सदरे, एक बिल्ला, दुर्बिणीची पेटी, गावातल्या निम्म्या कामांचे नकाशे. मी एकेक कागद बघितला. मोटेचा एकही नव्हता. सरू म्हणाली, "वन्सं, काय शोधताय?" मी म्हणाले, "काय न्हाय." पुन्हा तेच.

तर आज सकाळी मी गेनबातात्याच्या दारात गेले. "चल," म्हटलं. "कुटं?" "चल म्हटलं न्हवं!" आला. सरूही आली. चारीकाठी जुन्या खुंटीच्या जागी मी बसले आणि खुरप्यानं माती काढायला लागले. पहिल्या जागी काही निघालं नाही. वितभर बाजूला खणलं, आणि निघाला. मातीत मुरून कडक झालेला, पण पांढरा.

गेनबातात्या वाकून बघत राहिला. "आक्का, ह्यो चुना..."

"साहेबाच्या खुंटीचा."

"म्हंजी खुंटी हितं हुती?"

"व्हय."

"मंग साहेबांची दुर्बीन..."

"सरळ हुती."

"मंग खुंट्या वर कुनी..."

"मी. शेनाच्या पाटीतनं. तू वाटंत भेटला हुतास."

तो खाली बसला आणि चुना नखानं खरवडून बघितला. मग एकदम भडकला. "माझी कांद्याची रोपं तू बुडवलीस व्हय गं थेरडे?"

"व्हय. मीच."

"आन् मी साहेबाला सहा वर्सं... आरं, चावडीवर, लगनात, पाव्हन्यांपुढं..." त्यानं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. "त्यो का न्हाय बोलला, आक्का?"

"ते त्यालाच ठावं. मी बी न्हाय बोलले."

सरू रडली नाही. तिनं माझ्या पदरावरची माती झटकली. मग म्हणाली, "मला म्हाईत हुतं, वन्सं. ती खुंटी तुमच्या गोठ्यात बघितली तवाच." म्हणजे घरात तिघं होतो आणि तिघंही गप्प. कसलं घर रे आपलं!

मी ती खुंटी पाटीत घालून नेली होती. पहाटे वासरू सोडलं आणि उपटून घेतली. रंग उडालाय, डोकं दाव्यानं गुळगुळीत झालंय. मी ती चुन्यात उभी केली. गेनबातात्यानं धरली आणि मी दगडानं ठोकली. चार घाव घातले. पाचव्याला हात दुखला, तो त्यानं घातला.

"दगडाचं काय करायचं?" तो म्हणाला. "पाथरवट तर लागलाय कामाला."

"दगड हितं बसवा, ह्या खुंटीशी. वळशाशी न्हाय. त्याला साहेबाचा वळसा म्हनायचं न्हाय. आक्काचा वळसा म्हना."

"लोक हसतील, आक्का."

"हसू दे. आजवर त्याला हसलात."

हा कागद मी उद्या चावडीत वाचणार आहे. मधे कुणी पाणी आणलं तर तांब्या फेकून मारीन, असं सरूला सांगून ठेवलंय.

निघताना गेनबातात्या थांबला. चारीतलं पाणी बघितलं, मग मान वळवून माझ्या बांधाकडे बघितलं. पुन्हा पाणी, पुन्हा बांध. "काय गं," म्हणाला, "वर कितीसं हाय हे?"

"दीड हात."

"मंग मोट बसंल की. डोह काडला तर चार दिसाचं काम. आमी करू."

मी खुरपं पुसलं, पाटी उचलली आणि घरी आले. तुझं काम होतं ते, दत्तू.